टोकनचा चेक फाडायच्या आधी बानाखताचा ड्राफ्ट घरी आणा

बडोद्यात आपल्याकडे घर बुक करायची एक ठरलेली रीत आहे, दसरा नाहीतर पाडवा बघायचा, सगळं घर गाडीत घालून साइटवर जायचं, सॅम्पल फ्लॅट बघायचा, किचनचा ओटा बघून आई खूष, गॅलरी बघून मुलं खूष, आणि तिथल्या तिथे ५१ हजाराचा नाहीतर लाखाचा चेक देऊन पेढे घेऊन घरी. बानाखताचं, म्हणजे खरेदीखताच्या आधीच्या कराराचं, साठेखताचं, विचारलं तर ऑफिसातली मुलगी गोड बोलते, "अंकल ते दिवाळीनंतर, वकीलसाहेब बनवतायत, सगळ्यांचं सेमच असतं." मी १९ वर्षं एका बँकेत होमलोनच्या फाइली बघितल्या, मांजलपूर, वाघोडिया रोड, गोत्री, भायली, सगळीकडची बानाखतं हातातून गेली, आणि खरं सांगते, जे लोक पुढे अडकले त्यातले बहुतेक ह्याच एका जागी अडकले, पैसे आधी दिले आणि कागद नंतर वाचला.

चेक तुमच्या खिशात आहे तोपर्यंतच बिल्डर तुमचं ऐकतो. एकदा तो त्याच्या खात्यात गेला की "हे क्लॉज आम्ही कुणालाच बदलून देत नाही" सुरू होतं.

माझ्या मावसभावाचंच सांगते. टू बीएचके, १२५० फूट सांगितलेला, पार्किंग आतच आहे म्हणाले, डिसेंबरला चावी म्हणाले. ह्याने दीड लाख टोकन दिलं. अडीच महिन्यांनी ड्राफ्ट आला, त्यात कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ६९० फूट, पार्किंगचा शब्दच नाही, पझेशनच्या तारखेला वर १२ महिन्यांची सवलत, आणि ग्राहकाने कॅन्सल केलं तर एकूण किमतीच्या १० टक्के कापणार. म्हणजे त्याने भरले होते त्याच्या तिपटीपेक्षा जास्त! तो म्हणाला मला नको, तर ऑफिसवाले म्हणाले चार्जेस लागतील. आठ महिने फेऱ्या मारून एक लाख परत आले ते पण तीन तुकड्यांत. त्याच्याकडे पावतीशिवाय काहीच नव्हतं, जे जे बोलणं झालं ते सगळं हवेत.

म्हणून पहिली पायरी एवढीच की साइट आवडली तरी त्या दिवशी चेक द्यायचा नाही. "बानाखताचा ड्राफ्ट द्या, चार दिवसांत वाचून येतो" म्हणायचं. फ्लॅट जातोय, अजून एक पार्टी संध्याकाळी येतेय वगैरे ऐकवतील. येऊ दे पार्टी. जो बिल्डर टोकनच्या आधी ड्राफ्ट दाखवत नाही त्याच्याकडे तीस-चाळीस लाख अडकवायचे का हे घरात बसून ठरवा.

आणि हे मागणं म्हणजे काही जगावेगळं नाही, कायदाच तसा आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांना नियम घालून देणारा कायदा, २०१६ चा, त्याच्या कलम १३ मध्ये सरळ लिहिलंय की रजिस्टर्ड बानाखत केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत. ४५ लाखाचा फ्लॅट असेल तर साडेचार लाखाच्या वर एक रुपया नाही. बऱ्याच लोकांना वाटतं की १० टक्के भरायलाच लागतात, तसं नाही हो, ती वरची मर्यादा आहे, तुम्ही ११ हजारावर पण बुकिंग करू शकता, तो ऐकेल तर. आणि नोटरीकडे केलेलं बानाखत चालत नाही, सब रजिस्ट्रारकडे रजिस्टर झालेलंच पाहिजे. नोटरीच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून लोकांनी २०-२० लाख दिलेले मी बघितलेत.

आधी गुजरेराची साइट उघडा

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल किंवा युनिट ८ पेक्षा जास्त असतील तर प्रोजेक्ट रेरात रजिस्टर करावाच लागतो, त्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. नंबर त्यांच्या बोर्डावर असतो. तो नंबर गुजरेराच्या, म्हणजे गुजरातच्या रेरा ऑफिसच्या, साइटवर टाकला की बरंच काही उघडतं, मंजूर प्लॅन, जमिनीची टायटल, जमिनीवर कर्ज आहे का, दर तीन महिन्यांनी कामाचा अपडेट, आणि प्रोजेक्ट पूर्ण करायची जी तारीख बिल्डरने स्वतः सरकारला दिलीय ती. ह्यात एक गोष्ट लोक कधीच बघत नाहीत, बिल्डरला रजिस्ट्रेशनच्या वेळी बानाखताचा, अलॉटमेंट लेटरचा आणि दस्तावेजाचा (म्हणजे शेवटच्या खरेदीखताचा) नमुना पण अपलोड करावा लागतो. तो डाउनलोड करा, प्रिंट काढा, आणि ऑफिसातून मिळालेला ड्राफ्ट त्याच्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचा. जिथे फरक असेल तिथे पेन्सिलने खूण करा. सरकारला दाखवलेलं एक आणि तुम्हाला दिलेलं एक असं असेल तर तुमच्या हातात बोलायला केवढा मोठा मुद्दा आला बघा, एवढ्यापुरती वकिलाची पण गरज नाही.

प्रिंट मात्र त्याच दिवशी काढून फाइलला लावा, तारखेसकट. ब्रोशर, पेपरातली जाहिरात, व्हॉट्सॲपवर आलेले प्लॅनचे फोटो, सगळं त्याच फाइलमध्ये. जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट बघून पैसे भरले आणि नंतर ते खोटं निघालं तर कलम १२ प्रमाणे व्याजासकट पैसे परत मागता येतात, पण जाहिरात जपून ठेवली असेल तर ना.

गुजराती वाचता येते म्हणून कायद्याची गुजराती कळतेच असं नाही

आपण इथे जन्मलो वाढलो, पाटीवरची गुजराती सगळ्यांनाच येते, पण बानाखताची गुजराती वेगळीच असते आणि पुण्या-नाशिकहून नोकरीला आलेल्यांचं तर विचारूच नका, ते सही कुठे करायची एवढंच विचारतात. चार शब्द लक्षात ठेवले तरी पुष्कळ. "अवेज" म्हणजे ठरलेली किंमत. "बाना पेटे" म्हणजे इसारा म्हणून दिलेले पैसे. "वेचाण आपनार" म्हणजे विकणारा आणि "वेचाण राखनार" किंवा "लेनार" म्हणजे तुम्ही. "बोजो" म्हणजे कर्ज किंवा गहाण. "कब्जो" कळतोच. "संमती आपनार" म्हणून कोणाचं नाव असेल तर तिथे थांबा, तो माणूस कोण, त्याचा जमिनीत काय हक्क हे विचारा, बहुतेक वेळा मूळ जमीनमालक असतो आणि त्याची सही नसली तर तुमचं बानाखत लंगडं. "कुलमुखत्यार" दिसलं म्हणजे मालक स्वतः सही करत नाहीये, दुसरा कोणी पॉवर ऑफ ॲटर्नीवर करतोय, तेव्हा ते कुलमुखत्यारनामं रजिस्टर्ड आहे का, विकायची पॉवर त्यात दिलीय का, आणि देणारा माणूस आज हयात आहे का हे तिन्ही बघा. नुसत्या पॉवर ऑफ ॲटर्नीवर घर विकत घेतल्याने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

वकील स्वतःचा करा, ही माझी हात जोडून विनंती आहे. बिल्डरचा वकील बिल्डरचं बघतो. आणि "बँकेने लोन पास केलं म्हणजे टायटल क्लियरच" हे मी काउंटरवर हजारदा ऐकलंय. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुटतात का ते बघतो, तुमची पार्किंग कुठे गेली, तुमचं कॅन्सलेशन किती कापणार ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं, मी त्याच ऑफिसात बसलेली होते म्हणून सांगते.

आता ड्राफ्टमध्ये पेन घेऊन कुठे कुठे थांबायचं

एरिया. बडोद्यात अजून सगळे सुपर बिल्टअपमध्येच, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटा धरून, बोलतात, पण बानाखतात कार्पेट लिहावा लागतो, आणि रेरा कार्पेटची व्याख्या पक्की आहे, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. म्हणजे कार्पेटच्या आकड्यात बाल्कनी घुसवून सांगितली असेल तर पकडा. बाल्कनी आणि वॉशचा एरिया वेगळ्या ओळीत लिहायला लावा. मग एकूण किंमत भागिले कार्पेट करून बघा, खरा भाव तेव्हा कळतो, आणि दोन साइटची तुलना पण तेव्हाच होते. मोजल्यावर कार्पेट कमी निघाला तर त्या हिशोबाने पैसे परत मिळतील असं वाक्य आहे का बघा. जमिनीतला अविभक्त हिस्सा किती ते पण आकड्यात पाहिजे, उद्या ३० वर्षांनी बिल्डिंग पाडायची वेळ आली तर तोच तुमचा.

किंमत. "अवेज" ४२ लाख लिहिलेला असतो आणि चार पानं उलटली की एमजीव्हीसीएलचं (वीज कंपनीचं) कनेक्शन, मेंटेनन्स डिपॉझिट, लीगल चार्ज, डेव्हलपमेंट चार्ज, सोसायटी फॉर्मेशन, "आणि सरकारी जे काही लागेल ते". असं मोघम वाक्य ठेवायचंच नाही. प्रत्येक रकमेपुढे आकडा, आणि खाली एक ओळ, ह्याशिवाय कोणतीही रक्कम देणं लागणार नाही, फक्त नवीन सरकारी कर आला तर तेवढा. जीएसटी चालू बांधकामावर ५ टक्के आहे, अफोर्डेबलच्या व्याख्येत, म्हणजे ४५ लाखापर्यंत किंमत आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर १ टक्का, आणि बीयू (इमारत वापरायची परवानगी) मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर काहीच नाही. तेव्हा तयार फ्लॅटवर कोणी जीएसटी मागितला तर कारण विचारा. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, बिल्डरची नाही, हे राहून गेलं की नोटीस तुम्हाला येते.

मेंटेनन्स डिपॉझिट सोसायटी झाल्यावर हिशोबासकट सोसायटीच्या खात्यात देणार, हे पण लिहून घ्या. ह्यावरून आमच्या सोसायटीचे सहा वर्षं भांडण चाललंय.

तारीख. हे सगळ्यात महत्त्वाचं. "बीयू परमिशन मिळाल्यापासून ६० दिवसांत कब्जो देऊ" ही काही तारीख नाही, बीयू दहा वर्षं नाही मिळाली तर? दिवस-महिना-वर्ष असं लिहिलेलं पाहिजे आणि ते रेराच्या तारखेशी जुळलं पाहिजे. मग खाली फोर्स मेज्योरचा, म्हणजे हाताबाहेरच्या कारणांचा, क्लॉज येतो, त्यात बिल्डर काय काय टाकतो बघा, रेती मिळाली नाही, मजूर गावाला गेले, परमिशन उशिरा आली, पावसाळा लांबला. कायद्यात कलम ६ मध्ये यादी आहे, युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप किंवा तशी नैसर्गिक आपत्ती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हासारखं झालं तर बिल्डरची अडचण खरी, ती आपणही समजून घेऊ, पण दरवर्षीचा पाऊस किंवा त्याच्याकडचे पैसे संपले ही कारणं त्यात बसत नाहीत. ती ओळ खोडायला सांगा. तारीख चुकली तर तुम्हाला दोन रस्ते आहेत, बाहेर पडायचं तर सगळे पैसे व्याजासकट परत, किंवा थांबायचं तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज, कलम १८. बानाखतात "व्याज मागणार नाही" असं काही घुसवलं असेल तर तिथेच काटा.

व्याज दोन्ही बाजूंना सारखं. तुमचा हप्ता उशिरा गेला तर १८ टक्के आणि त्याने फ्लॅट उशिरा दिला तर फुटाला दोन-पाच रुपये, असे ड्राफ्ट अजून फिरतात. रेराप्रमाणे दोघांचा दर एकच असायला लागतो. सुप्रीम कोर्टापुढे २०१९ मध्ये असंच एक प्रकरण होतं, ग्राहकाला १८ टक्के आणि बिल्डरकडून ९ टक्के, कोर्ट म्हणालं असा एकतर्फी करार ग्राहकावर बांधील नाही, कारण त्याला सही करण्यावाचून पर्यायच नव्हता. पण कोर्टात जाऊन जिंकायला वर्षं जातात, आता सहीच्या आधी एक ओळ बदलून घ्यायला दहा मिनिटं लागतात.

हप्ते. कामाच्या टप्प्याला बांधलेले पाहिजेत, प्लिंथ (जोतं) झाली एवढे, अमुक स्लॅब झाला एवढे. तारखेला बांधलेले नकोत, नाहीतर काम बंद आणि तुमचे हप्ते चालू. शेवटचे ५ ते १० टक्के बीयू दाखवल्यावर आणि चावी देतानाच. हा शेवटचा हप्ता हातात असला की गळकी बाथरूम पटकन दुरुस्त होते.

लोन नाही मिळालं तर काय, ही ओळ मी सांगितल्याशिवाय एकाही ग्राहकाने कधी टाकून घेतली नाही. वकिलाला अशी द्या: "वेचाण लेनारास कोणत्याही कारणाने बँकेचे लोन मंजूर न झाल्यास, त्याने बँकेचे पत्र दिल्यापासून ३० दिवसांत भरलेली संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता परत करण्यात येईल." पूर्ण नाही मानले तरी पाच-दहा हजारावर कपात थांबवा. कॅन्सलेशनचं पण तसंच, टक्का नको, ठरलेला आकडा लिहा, आणि "फ्लॅट दुसऱ्याला विकल्यावर पैसे देऊ" हे वाक्य काढा, परत द्यायचे दिवस लिहा.

आगोतरी, म्हणजे आधीच घेऊन ठेवलेली, संमती. साधारण मधल्या पानांत एक लांब परिच्छेद असतो, वेचाण लेनार ह्याने प्लॅनमध्ये होणाऱ्या सर्व फेरफारांना, जादा एफएसआयला (प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा), नवीन मजल्यांना आजच संमती दिलेली आहे. हा परिच्छेद सगळ्यात धोक्याचा आणि सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून कोणी वाचत नाही. कलम १४ म्हणतं तुमच्या फ्लॅटमध्ये बदल करायला तुमची संमती पाहिजे आणि बिल्डिंगच्या लेआउटमध्ये, कॉमन एरियात करायला दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती पाहिजे, पण ही संमती त्या त्या वेळी, प्लॅन बघून द्यायची असते. आज कोऱ्या कागदावर दिली तर उद्या बागेच्या जागी दुकानं आली की तुमचीच सही तुम्हाला दाखवतील.

पार्किंगला नंबर लिहून प्लॅनवर खूण करून घ्या, आणि उघड्या जागेतली पार्किंग ही कॉमन एरिया आहे, ती विकता येत नाही, तिचे दोन लाख वेगळे मागत असतील तर देऊ नका. टाइल, नळ, वायर, लिफ्ट ह्यांच्या कंपन्यांची नावं परिशिष्टात. "किंवा समकक्ष" एवढं लिहिलं असेल तर कोणी ठरवायचं ते पण लिहा.

गहाण. बिल्डरने प्रोजेक्टवर लोन घेतलेलं असणं ही वाईट गोष्ट नाही, बहुतेक घेतात. पण त्या बँकेची तुमच्या फ्लॅट नंबरची एनओसी बानाखताच्या आधी हातात घ्या. बानाखत झाल्यावर बिल्डर तुमचा फ्लॅट गहाण टाकू शकत नाही, आणि टाकला तरी तुमच्या हक्काला धक्का लागत नाही असं कायद्यात आहे, तरी बानाखतात ती ओळ असू द्या.

जमिनीचं

हे वकिलाचं काम, पण त्याला काय विचारायचं ते माहीत पाहिजे. मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च. सातबारा आणि नंबर ६ च्या (फेरफाराच्या) नोंदी, ह्या एनीआरओआर ह्या सरकारी साइटवर घरबसल्या दिसतात. जमीन जुनी शरत की नवी शरत (म्हणजे विकण्यावर सरकारी अट असलेली), नवी शरतची असेल तर सरकारी प्रीमियम भरून मोकळी केलीय का. बिनखेतीचा (एनएचा) हुकूम. टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम पडली असेल तर फायनल प्लॉट नंबर कोणता, कारण सेवासी-भायलीकडे जुना सर्वे नंबर दाखवून टीपीत रस्त्यात गेलेला तुकडा पण विकायला निघतो. कॉर्पोरेशनची रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) किती मजल्यांची आहे ते जिन्याने वर जाऊन मोजा. वीकेंडच्या घरासाठी शेतजमिनीचा प्लॉट स्वस्तात देतात, पण गुजरातेत बिनशेतकऱ्याला शेतजमीन घेताच येत नाही, बिनखेती नसेल तर नुसतं फिरून या, पैसे देऊ नका.

अशांत धारा, म्हणजे अशांत जाहीर केलेल्या भागांतल्या मिळकतींचा कायदा. बडोद्याच्या बऱ्याच भागात १९९१ चा हा कायदा लागू आहे, तिथलं घर विकायला कलेक्टरची आधी परवानगी लागते, त्याशिवाय केलेला दस्तावेज रद्दबातल. तुमचा एरिया त्यात येत असेल तर परवानगी कोणी काढायची, खर्च कोणाचा, किती दिवसांत, आणि नाही मिळाली तर बाना पूर्ण परत, हे बानाखतात लिहा.

कॅशचं

"दस्तावेज जंत्रीने (सरकारी दराने) करू, बाकीचे रोख." हे बोलणं होतंच. २०२३ मध्ये जंत्री जवळपास दुप्पट झाली तेव्हापासून थोडं कमी झालं असेल, पण आहे. मी स्पष्टच सांगते, रोख देऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्यात बसत नाही हा एक भाग, पण तुमच्या दृष्टीने बघा, ४५ लाखातले १५ रोख दिले तर बानाखतात ३० च लिहिलेत, उद्या काम रखडलं आणि तुम्ही रेरात गेलात तर व्याज ३० वर, परतावा ३० चा, ते १५ लाख कधी दिलेच नव्हते. बँकेचं लोनही ३० च्या हिशोबाने मिळतं. आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत ३० धरून टॅक्स तुम्ही भराल.

जुनं घर घेत असाल तर

इथे रेरा नाही, त्यामुळे बानाखतच तुमचा सगळा आधार. नुसत्या बानाखताने मालकी येत नाही, पुढे दस्तावेज करून मागायचा हक्क येतो, म्हणून मुदत नीट लिहा, कोणी काय कागद कधीपर्यंत आणायचे ते लिहा, आणि विकणारा फिरला तर कोर्टात जायला मुदतीपासून ३ वर्षं असतात हे विसरू नका, "करू हो, सावकाश करू" म्हणत लोक चार वर्षं काढतात.

दांडिया बाजार, घडियाळी पोळ, बाबाजीपुऱ्यातली आपली जुनी मराठी घरं विकायला निघतात तिथे वारसांचा प्रश्न असतोच. पेढीनामं (वारसांची वंशावळ) मागा आणि त्यातल्या प्रत्येकाची सही घ्या. "बहिणीची सही नको, ती लग्न होऊन पुण्याला गेली" असं म्हणतील, पण २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तिने रजिस्टर्ड हक्क सोडला असेल तर तो कागद दाखवा म्हणायचं, नाहीतर ती सहीला पाहिजेच. बाना देण्याआधी गुजराती पेपरात वकिलाकडून जाहीर नोटीस द्या, हरकत असेल तो पुढे येतो.

मालकाचं लोन चालू असेल तर तुमचे पैसे थेट त्याच्या लोन खात्यात, त्याच्या हातात नाही. मूळ दस्तावेजांची साखळी पूर्ण बघा, झेरॉक्स चालत नाही. सोसायटीची ना-बाकी, वेरा बिल (घरपट्टी), लाइट बिल. बीयू नसेल तर "इम्पॅक्ट फी (बेकायदा बांधकाम नियमित करायची फी) भरून होईल" ह्यावर विसंबू नका, भरून झाली असेल तर सर्टिफिकेट दाखवतील. मालक परदेशात असेल, बडोद्यात निम्म्या गल्ल्यांत असतात, तर टीडीएस १ टक्का नसतो, बराच जास्त असतो, पैसे देण्याआधी सीएकडे जा.

रजिस्ट्रेशन आणि त्याच्या नंतर

ठरलेले सगळे बदल टाइप होऊन आले की पहिल्या पानापासून पुन्हा वाचा, नवा प्रिंट म्हणून जुनाच काढलेला मी दोनदा पकडलाय. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तर तिथे दोघांची सही. गुजरातेत दस्तावेजाला स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि रजिस्ट्रेशन फी १ टक्का, दस्तावेज फक्त बाईच्या नावावर असेल तर ती १ टक्का फी माफ, नवऱ्याचं नाव जोडलं की सूट जाते, घरात बोलून ठरवा. रजिस्टर झालं की इंडेक्स-२ ची (रजिस्टर झालेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्याची) नक्कल काढा आणि नाव, फ्लॅट नंबर, एरिया तपासा.

चावी घ्यायच्या दिवशी बीयूची कॉपी आधी मागा, मग टेप घेऊन खोल्या मोजा, सगळे नळ एकदम उघडा, बाथरूममध्ये पाणी साठवून खालच्या फ्लॅटचं छत बघा. जे राहिलंय त्याची यादी करून साइट इंजिनियरची सही घ्या, "कब्जो मिळाला, काही तक्रार नाही" अशा छापील कागदावर सही करायच्या आधी ती यादी त्याला जोडा. मग वेरा बिल आणि एमजीव्हीसीएलचं मीटर नावावर करायला टाका.

पुढची पाच वर्षं ती फाइल हाताशी ठेवा. स्लॅब गळला, भिंतीला चीर गेली, कामाची खोट निघाली तर पझेशनपासून ५ वर्षांपर्यंत बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं, कळवल्यापासून ३० दिवसांत. साइटवरच्या सुपरवायझरला फोन करून "बघतो बेन" ऐकत बसू नका, फोटो लावून पत्र पोस्टाने, पोच मिळेल असं पाठवा, ते ३० दिवस त्या पत्रापासून मोजायचे असतात.